तीन पट्ट्यांचं वर्तुळ

कमलाकांत सावे यांना पावकीपासून औटकीपर्यंत सगळे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ होते. केळव्याच्या वाडीत पानवेलींना पाणी घालता घालता वडिलांनी ते त्यांच्याकडून घोटून घेतले होते. 'सात औटे?' असं कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्यांनी 'साडेचोवीस' म्हटलं असतं आणि पुन्हा कूस बदलली असती. वीस वर्षं शिक्षक म्हणून काढल्यावर ते पालघरला शिक्षण विस्तार अधिकारी झाले. तपासणीला जातील त्या शाळेत पहिला प्रश्न अपूर्णांकाचाच, हे तालुक्यातल्या सगळ्या गुरुजींना माहीत झालं होतं.

१९८४च्या जानेवारीत त्यांनी मनाशी एक बेत केला. आपल्या बीटातल्या, म्हणजे देखरेखीखालच्या, एकवीस शाळांतल्या चौथीच्या मुलांना अपूर्णांक खरंच समजलेत का, ते एकाच परीक्षेनं बघायचं. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःच दहा प्रश्न काढले, एकेकाला दोन गुण. चित्रंही स्वतःच काढली. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं वर्तुळ काढलं, पट्टी ठेवून त्याच्या आत दोन उभ्या रेघा मारल्या आणि तीन पट्ट्यांपैकी कडेची एक पट्टी बारीक तिरक्या रेघांनी भरली. 'रेघांनी भरलेला भाग किती?' हा प्रश्न चौथा. तेच वर्तुळ पाचव्या आणि सातव्या प्रश्नातही थोड्या फरकानं होतं. सायक्लोस्टाईलच्या यंत्रातून सातशे कागद निघाले तेव्हा कचेरीतल्या शिपायाबरोबर त्यांचेही हात शाईनं काळे झाले होते.

महिन्याभरात परीक्षा झाली. सावे साहेबांनी एकेक कागद स्वतः तपासला, शाळांची क्रमवारी लावली आणि ती ठाण्याला जिल्हा परिषदेकडे पाठवून दिली. बोईसरच्या बाजूची एक शाळा पहिली आली. तिथल्या बेचाळीस मुलांपैकी एकालाही अठराच्या खाली गुण नव्हते. शेवटचा नंबर लागला मुरब्याच्या बाजूला खाडीकाठी असलेल्या एका पाड्यावरच्या शाळेचा.

फेब्रुवारीत एके दिवशी ते त्या शेवटच्या शाळेत गेले. पालघरहून एस.टी.नं सातपाटी, तिथून होडीनं खाडीपार, मग वाळत घातलेल्या बोंबलांच्या मांडवांमधून पायी. शाळा दोन खोल्यांची. चौथीला तेवीस मुलं, सगळी मच्छीमारांची. शिकवणाऱ्या शालिनी चुरी केळवे-माहीमच्या, वय सव्वीस, नोकरीला चौथं वर्ष.

साहेबांनी तपासलेले कागद टेबलावर ठेवले. "बाई, तेवीसपैकी सतरा मुलं नापास आहेत."

चुरीबाईंनी वरचे चार-पाच कागद चाळले. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण साहेबांनी शेरेबुक मागितलं होतं, म्हणून त्या ते आणायला उठल्या. साहेबांनी टोपण काढून सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला : 'इयत्ता चौथीच्या विद्यार्थ्यांना अपूर्णांकाची मूळ कल्पनाच समजलेली नाही. शिक्षिकेने विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.' बाईंनी खाली सही केली. सही करताना त्यांचे कान लाल झालेले साहेबांनी पाहिले आणि त्यांना थोडं वाईटही वाटलं. पण काम ते काम.

बारा वाजता ते धक्क्यावर परत आले, तर खाडीत पाण्यापेक्षा चिखलच जास्त. होडीवाला जानू तांडेल होडीच्या सावलीत जाळ्याचं भोक शिवत बसला होता.

"आता नाय जमणार साहेब," तो मान वर न करता म्हणाला. "पानी चडल्यावर. चार वाजतील."

"दुसरी वाट?"

"हाय की. चालत जावा, संध्याकाळपर्यंत पोचाल."

ऊन चढलं होतं. धक्क्यावर बसायला जागा नव्हती. साहेब दहा मिनिटं तिथेच उभे राहिले आणि मग नाइलाजानं शाळेकडे वळले.

चुरीबाईंनी त्यांना खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. मुलं चित्रं काढत होती. मग बाई म्हणाल्या, "साहेब, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचारा."

"चौथ्या प्रश्नाला माझ्या बऱ्याच मुलांनी लिहिलंय, 'सारखे नाहीत'. पाचव्याला आणि सातव्यालाही तेच. तुम्ही त्यावर फुली मारलीत. त्यांनी असं का लिहिलं, ते एकदा त्यांनाच विचाराल का?"

"त्यात विचारायचं काय? उत्तर एक तृतीयांश."

"तुम्हाला ते उत्तर हवंय, हे मला परीक्षेच्या दिवशीच कळलं होतं. मी मुलांना नुसतं खुणावलं असतं तरी त्यांनी लिहिलं असतं. पण तुम्ही बजावलं होतंत, कुणी काही सुचवायचं नाही. मी नाही सुचवलं."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बोलण्यात उर्मटपणा नव्हता. चारला अजून साडेतीन तास होते. "बोलवा एखाद्याला," ते म्हणाले.

बाईंनी जमनाला हाक मारली. दहा वर्षांची किडकिडीत मुलगी, केसांना खोबरेल चोपडून दोन घट्ट वेण्या. तिला वीसपैकी सहा गुण पडले होते. साहेबांनी तिचाच कागद तिच्यापुढे सरकवला. "इथे तू 'सारके नाय' असं लिहिलंयस. म्हणजे काय?"

"वाटे सारके नाय."

"हे तीन भाग सारखे नाहीत?"

"नाय. ह्यो मदला मोठा हाय."

साहेब हसले. खिशातून सहा इंची पट्टी काढून त्यांनी वर्तुळावर धरली. "ये, इकडे बघ. ही पट्टी दोन सेंटिमीटर. ही मधली, दोन सेंटिमीटर. आणि ही तिसरी, दोन सेंटिमीटर. मी मोजून काढलंय. झाले की नाही सारखे?"

जमनानं पट्टीकडे बघितलं, वर्तुळाकडे बघितलं आणि मान हलवली. नाही.

"अगं, तुझ्या डोळ्यांदेखत मोजलं ना?"

"रुंदीला सारके हाय." ती थांबली. बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, मुद्दामच. मग ती म्हणाली, "घोळीचे असे तीन तुकडे केले, समदे वीतभर. तर शेपटीचा वाटा कोन घेल? मदला घेनारा जास्ती खानार."

मागच्या रांगेतलं कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. "मासा वेगळा. तो शेपटीकडे निमुळता होत जातो. हे वर्तुळ आहे."

"ह्ये पन निमुळतं होतं," जमना म्हणाली आणि बोटानं वर्तुळाच्या डाव्या कडेवरून गोलाई फिरवली. "हिकडे पन. हिकडे पन."

बाईंनी न बोलता कपाटातली कात्री काढून टेबलावर ठेवली. परीक्षेचे दोन-चार कोरे कागद उरले होते, त्यातला एक जमनानं उचलला आणि वर्तुळ कापायला घेतलं. कात्री बोथट होती, जीभ दातांत धरून ती सावकाश कापत होती. वर्तुळ सुटं झाल्यावर तिनं दोन्ही रेघांवरून कात्री चालवली. तीन तुकडे झाले. कडेचा तुकडा उचलून तिनं मधल्यावर ठेवला, सरळ बाजू सरळ बाजूला लावून.

कडेचा तुकडा मधल्याच्या पोटात मावला, आणि वरच्या दोन्ही कोपऱ्यांत मधल्याचा कागद उरला. चांगला बोटाएवढा, दोन्हीकडे.

सावे साहेबांनी ते तुकडे स्वतः उचलले. दुसरी कड लावून पाहिली. उलटा करून लावून पाहिला. कोपरे उरतच होते. एकवीस शाळा, सातशे कागद, आणि प्रत्येकावर हेच वर्तुळ. इतक्या वर्षांत हजार वेळा त्यांनी हे वर्तुळ फळ्यावर काढलं असेल. उभ्या दोन रेघा, एक भाग खडूनं भरायचा, झालं एक तृतीयांश.

"तुला कुणी शिकवलं हे?" त्यांनी विचारलं.

"बाई सांगतात, पयले वाटे सारके हायत का बगा. सारके नसले तं नाव देऊ नका."

साहेबांनी बाकीचे कागद पुढे ओढले आणि एकेका मुलाला बोलावलं. सगळीच जमनासारखी नव्हती. आनंदा नावाच्या मुलाला 'सारखे नाहीत' का लिहिलं हे सांगताच येईना; जमनाचं बघून लिहिलं, असं त्यानं शेवटी कबूल केलं. एकीनं उत्तर बरोबर लिहिलं होतं, पण कारण विचारल्यावर तिनं भलतंच सांगितलं. तर एकानं भोपळा मिळवलेल्या प्रश्नाचं तोंडी उत्तर इतकं नेमकं दिलं, की साहेबांनी त्याला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. दर मुलागणिक, आपल्याच हातानं दिलेल्या लाल गुणांना काय अर्थ होता, हे त्यांना कळेनासं झालं.

पावणेचारला जानूचा माणूस बोलवायला आला. साहेब उठले आणि मुलांसमोर उभे राहिले.

"मुलांनो," ते म्हणाले, "चौथ्या, पाचव्या आणि सातव्या प्रश्नातलं चित्र मी चुकीचं काढलं होतं. ज्यांनी तसं लिहिलं त्यांचं बरोबर आहे. माझं चुकलं."

मुलं बघतच राहिली. साहेबलोक चुकतात हे त्यांना माहीत असेल, पण साहेबांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. चुरीबाईंनी नमस्कार केला, तोही नेहमीपेक्षा घाईघाईनं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसू द्यायचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सावे साहेब कचेरीत न जाता सकाळच्या गाडीनं बोईसरला उतरले. पहिल्या आलेल्या शाळेत कारखान्यांतल्या कामगारांची मुलं होती, काही घरी हिंदी बोलणारी. मुख्याध्यापक धर्माजी राऊत हे साहेबांचे जुने विद्यार्थी. त्यांनी साहेबांचं अभिनंदनाचं पत्र फ्रेम करून कचेरीच्या भिंतीवर लावलं होतं.

"मला चौथीचा वर्ग अर्धा तास द्या," साहेब म्हणाले.

त्यांनी फळ्यावर एक मोठं वर्तुळ काढलं. त्याच्या कडेला चिंचोक्याएवढी एक फोड पाडली, उरलेल्याचे मधोमध दोन भाग केले आणि ती इवलीशी फोड खडूनं भरली. "भरलेला भाग किती?"

"एक तृतीयांश!" बेचाळीस आवाज एकदम.

"कसं?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली, हात पाठीशी बांधून. "वर भरलेले, खाली एकूण. भरलेला एक, एकूण तीन. म्हणून एक तृतीयांश, सर."

"बरं. समज ही तुझी पोळी आहे. हा एवढासा तुकडा तुला दिला आणि हे दोन मोठे मी आणि राऊत सरांनी घेतले. मग?"

मुलीनं फळ्याकडे पाहिलं. मग राऊत सरांच्या चेहऱ्याकडे. "चालेल, सर," ती म्हणाली.

वर्गात कुणी हसलं नाही. "बस, बाळ," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात धर्माजींना राहवलं नाही. "साहेब, मुलांचं काही चुकलं का? 'वर भरलेले, खाली एकूण' हे तुमचंच वाक्य आहे. मी पाचवीत होतो तेव्हा तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं होतंत. वर्षभर पुसू दिलं नव्हतंत. मी आजही तसंच शिकवतो."

सावे साहेब व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसले. धर्माजी समोर उभेच होते, चाळिशीतला केस पिकू लागलेला माणूस, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पाचवीतल्या मुलाची काळजी होती.

"तुमचं काही चुकलं नाही, धर्माजी," साहेब म्हणाले. "बसा. मी तुम्हाला काल काय झालं ते सांगतो." आणि त्यांनी सगळं सांगितलं, मासा आणि कात्रीसकट. धर्माजींनी ऐकून घेतलं आणि शेवटी इतकंच विचारलं, "ती फ्रेम काढून ठेवू का?"

"राहू द्या. नाही, काढाच."

त्या आठवड्यात साहेबांनी एकवीस शाळांना परिपत्रक काढलं. अमुक तीन प्रश्नांतील आकृती सदोष होती, ती चूक परीक्षकाची असून, शाळांची क्रमवारी रद्द समजावी. ठाण्यालाही तसं पत्र गेलं. तिथून वरच्या साहेबांचा फोन आला.

"सावे, निकाल अहवालात गेला आहे. अक्षरसुद्धा कुणी वाचणार नाही. कशाला स्वतःचं हसं करून घेताय?"

"साहेब, मुलांनी आपल्या कागदावरच्या फुल्या वाचल्यात."

"बघा बुवा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हसं व्हायचं ते झालंच. केंद्राच्या बैठकीत मारुती नावाच्या एका गुरुजींनी चहाच्या वेळी बशीवर दोन बोटं उभी धरून 'किती भाग?' असं विचारलं आणि सगळे हसले. सावे साहेबही हसले, पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच घेतला.

मार्चच्या सुरुवातीला, भरतीची वेळ विचारून घेऊन, ते पुन्हा खाडीपार गेले. शेरेबुकातला शेरा खोडता येत नाही, म्हणून त्याच्याखाली त्यांनी नवा लिहिला : 'वरील शेरा माझ्या चुकीच्या आकृतीवर आधारलेला होता. येथील मुले समान भागांचा विचार करून उत्तर देतात. हे श्रेय शिक्षिकेचे आहे.' पुस्तक त्यांनी बाईंपुढे सरकवलं.

चुरीबाईंनी वाचलं. "आभारी आहे, साहेब. पण मग हेही लिहा," असं म्हणून त्यांनी कागदांचा गठ्ठा उघडला. "नववा प्रश्न. एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? तेवीसपैकी तेरा जणांनी चतुर्थांश लिहिलंय. इथे चित्र नव्हतं. ही चूक तुमची नाही, माझी आहे. मला ते मुलांच्या डोक्यात घालता येत नाही."

"जमनानं काय लिहिलंय?"

"चतुर्थांश."

साहेबांना हे खरं वाटेना. त्यांनी जमनाला बोलावलं. ती म्हणाली, "चार मोटा, तीन बारका. मंग चतुर्थांश मोटा."

सांगून टाकावं, असं साहेबांच्या ओठांवर आलं होतं. तीस-पस्तीस वर्षांचा सराव होता. छेद मोठा तर अपूर्णांक लहान, लिहून घे, पाठ कर. त्यांनी बॅगेतून सारख्या लांबीच्या दोन कागदी पट्ट्या काढल्या आणि म्हणाले, "हिचे चार सारखे वाटे कर. हिचे तीन."

चारची घडी झटकन झाली. तीनची काही जमेना. जमना घडी घालायची, उलगडायची, एक वाटा लांब निघायचा, पुन्हा घालायची. शेवटी तिनं पट्टी बोटांभोवती गुंडाळत नेली आणि दाबली. दोन्ही पट्ट्या उलगडून शेजारी ठेवल्या.

"ह्यो तीनवाला वाटा मोटा हाय," ती म्हणाली. आणि लगेच, जराशी चिडून, "घरात मानसं वाडली का वाटा बारका होतो. ते तं मला म्हाईत व्हतं! मंग मी असं कसं लिवलं?"

साहेब आणि बाई एकमेकांकडे बघून हसले. घरी माहीत असलेली गोष्ट कागदावर आल्यावर कुठे जाते, यावर ते दोघं त्या दिवशी बराच वेळ बोलत बसले. साहेबांनी दुपारचा वर्ग स्वतः घेतला आणि एकही नियम फळ्यावर लिहिला नाही. सोपं नव्हतं ते. दोनदा खडू हातात घेऊन त्यांनी परत ठेवला.

पुढची चार वर्षं, निवृत्त होईपर्यंत, सावे साहेबांनी पुन्हा कधी छापील परीक्षा घेतली नाही. ते एकेका मुलाशेजारी बसत आणि 'असं का?' असं विचारत. एका मुलाला वीस मिनिटं लागत, कधी अर्धा तास. एकवीस शाळा कधीच पुऱ्या झाल्या नाहीत. वर्षाला चार-पाच व्हायच्या. त्यांच्या अहवालात टक्केवारीच्या जागी मुलांची वाक्यं असत, आणि ती ठाण्याला कुठल्या रकान्यात भरायची हे कुणालाच समजत नसे. दोनदा लेखी खुलासा मागवला गेला. धर्माजींनी मात्र आपल्या शाळेत कात्र्या आणि रद्दी आणून ठेवली आणि पहिल्या वर्षी त्यांच्या मुलांचे गुण घसरले, तेव्हा पालकांना तोंड देताना त्यांना बराच त्रास झाला. जमना सातवीपर्यंत शिकली, मग आईबरोबर मासळी घेऊन बाजारात बसू लागली. चुरीबाईंनी तिच्या घरी चार खेपा घातल्या, पण उपयोग झाला नाही. ही गोष्ट बाईंच्या आणि साहेबांच्याही मनाला लागून राहिली.

निवृत्तीच्या आधीच्या महिन्यात ते उमरोळीच्या एका वर्गात बसले होते. समोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती, सुलू नावाची. त्यांनी तिच्यापुढे पाच चिकू ठेवले होते आणि ते दोघांत सारखे वाटायला सांगितले होते. तिनं दोन इकडे ठेवले, दोन तिकडे, आणि पाचवा हातात घेऊन बसली. मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली. वर्गशिक्षिका पुढे झुकून म्हणाल्या, "अगं, काप की तो—"

साहेबांनी हात वर केला. "थांबा, बाई. तिला बघू द्या."

सुलूनं चिकू फिरवून पाहिला, देठाकडून, मग बुडाकडून. तो एका अंगाला जरा फुगलेला होता. "सर," तिनं विचारलं, "उभा कापू का आडवा?"

"तुला काय वाटतं?" सावे साहेब म्हणाले, आणि खुर्ची पुढे ओढून बसले.